अक्षराला पंधरा रुपये

भुसावळात, यावल नाक्यापासून थोडं आत
माझं पाट्यांचं दुकान. पितळ, स्टील, अ‍ॅक्रिलिक.
अक्षराला पंधरा रुपये.
जोडाक्षर एकच धरतो, टिंब फुकट.

रेल्वेचं गाव.
इथं माणूस आधी ग्रेडनं ओळखतात, मग आडनावानं.
बावीस वर्षं इंग्रजी हुद्दे देवनागरीत कोरतोय
आणि एवढंच शिकलोय:
चीफ दोन अक्षरांत उरकतो,
असिस्टंटला चार लागतात.
हुद्दा जेवढा बारका, पाटी तेवढी लांब.

सीनियर कोरून दिलं की माणूस
मान जरा मागं घेऊन बघतो,
चष्म्याच्या खालच्या काचेतून.
ऑनररीवाले फार घासाघीस करतात.
झांबरेभाऊ ओळीनं तीन निवडणुका हरले,
म्हणाले, माजी नको, एक्स लिही.
माजी म्हटलं की फोटोला हार घातल्यासारखं वाटतं.
एक्स म्हटलं की
नुसता चहाला बाहेर गेलोय.

कोल्ह्यांच्या पोरानं व्हीआयपी नेलं
केळीच्या ट्रकसाठी. केबिनमध्ये, आतून लावलं,
फक्त ड्रायव्हरला दिसेल असं.
ड्रायव्हर तोच.

मे महिना होता. पितळ हातात धरवत नव्हतं.
एक बाई आली, हातात घडी घातलेला कागद.
तिचा बाप बाहेरच, सायकलला टेकून,
डोक्यावर ओला पंचा.
तिनं वाचून दाखवलं, एकेक शब्द वेगळा करून,
जणू मी चुकीन:
सीनियर. ट्रॅक. मेंटेनर.
गँगमन नका लिहू, म्हणाली, ते जुनं झालं.
मधे ट्रॅकमन होतं. आता हे.
आणि शेवटची चार वर्षं सीनियर.

बाहेरून आवाज आला:
हातोड्याले काही सांगतलं नव्हतं कोणी.

मग तो आत आला. चपला बाहेर काढून आला,
माझ्या दुकानात कुणी चपला काढत नाही.
सुपडू तायडे, म्हणाला. एवढं लिव्ह. बस.

बाबा, एवढी वर्षं
उन्हात रूळ ठोकले तुम्ही.

तो तिच्याकडं बघून नाही, माझ्या मशीनकडं बघून बोलला:
माह्या आधी मायची चार लेकरं गेली.
मी झालो तं तिनं मले सुपात घातलं,
उकिरड्यावर नेऊन ठेवलं.
शेजारणीनं उचललं अन् सव्वा पैशाले
तिलेच परत इकलं.
असं हलकं केलं मले, कोणाची नजर पडू नये म्हून.
तसाच राह्यलो.
आता साठाव्या वर्षी
तू मले जड करतं का, बाई?

ती गप्प. पंखा गरगरत होता
आणि पितळेचा कीस माझ्या बोटांवर चिकटला होता.

सहा अक्षरं. नव्वद रुपये.
त्यानं पाटी पंच्यात गुंडाळली,
सायकलच्या कॅरिअरला बांधली,
बांधताना गाठ दोनदा ओढून बघितली,
जशी चावी मारल्यावर रुळाची बघत असेल.

संध्याकाळी ती एकटी आली.
पाटी पदराखाली.
म्हणाली, पलटी करा.
मागच्या बाजूला कोरा ते.
भिंतीकडं राहील. कुणाला दिसणार नाही.
बाबांनाही नाही.

पितळ पातळ असलं की मागचं पुढं उमटतं,
म्हणून हलक्या हातानं घेतलं.
सीनियर एका ओळीत, बाकीचं खाली.
नऊ अक्षरं. मी म्हटलं, राहू द्या पैसे.
तिनं काउंटरवर एकशे पस्तीस मोजून ठेवले,
पाच रुपयांचं नाणं सगळ्यात वर,
आणि पाटी उजेडाकडं धरून बघितली,
समोरून,
काही दिसतं का म्हणून.